डबा स्वस्त झाला, गल्ला कोणाचा भरला?

१९९५ साली सेगाचं मेगा ड्राइव्ह हे जपानी गेमयंत्र भारतात रीतसर विकायला आलं, ते शॉ वॉलेसमार्फत. हीच ती दारूसाठी ओळखली जाणारी शॉ वॉलेस. बाहेरून तयार यंत्र आणलं तर ऐंशी टक्के आयातकर बसत होता, त्यातून वाट काढायची म्हणून ही सोयरीक जुळली. एवढं करूनही किंमत ठरली १८,००० रुपये. त्या वर्षी सोनं तोळ्याला पाच हजारांच्या आत होतं. पोराच्या सुट्टीतल्या करमणुकीसाठी साडेतीन तोळ्यांहून जास्त सोनं मोडणारा बाप नागपुरात सापडणं कठीणच होतं. मुंबईत तरी कुठे रांग लागली होती म्हणा.

त्याच काळात नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, म्हणजे बर्डीवरून, पोरं वेगळाच डबा काखोटीला मारून घरी नेत होती. खोक्यावर भडक चित्रं, आत दोन ‘रिमोट’, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक ‘कॅसेट’, जिच्यावर हजारो गेम असल्याचं छापलेलं असे. कॅसेट खोचली की उलगडा होई. खरे गेम मोजून दहा-बारा, बाकी सगळे त्याच मारिओचे आणि त्याच कॉन्ट्राचे वेगवेगळ्या टप्प्यांवरून सुरू होणारे अवतार. मीडिया, समुराई, लिटल मास्टर ही त्यातल्या त्यात नावाजलेली मंडळी, बाकीचे डबे बिननावाचे. यांची किंमत कोणी पत्रकार परिषद घेऊन उतरवली नाही. ती दुकानाच्या काउंटरवर, घासाघिशीत उतरत गेली, आणि दशक संपेस्तोवर हजारांतली वस्तू शेकड्यांत आली.

म्हणजे एकीकडे किंमत खाली न आणणारा मूळ कारखानदार, दुसरीकडे किंमत रोज खाली जाणारी, दुसऱ्याच एका जपानी यंत्राची नक्कल. गेमयंत्राची किंमत उतरवली तर ते बनवणाऱ्याचं भलं होतं का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन डब्यांच्या मधल्या जागेत आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

घरच्या टीव्हीला जोडायचं पहिलं गेमयंत्र, मॅग्नाव्हॉक्सचं ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली आलं. राल्फ बेअर या अभियंत्याची ती कल्पना. तेव्हा हिशोब सोपा होता. रेडिओ विकावा तसं यंत्र विकायचं, त्यावर जो काय नफा मिळेल तो घ्यायचा, गिऱ्हाईक आपल्या वाटेनं, कंपनी आपल्या वाटेनं. १९७६च्या फेअरचाइल्ड चॅनल एफमध्ये गेम यंत्रातून बाहेर निघाला आणि वेगळ्या कॅसेटीत जाऊन बसला. पुढच्या वर्षी अटारीनं १९९ डॉलरला आपलं यंत्र आणलं आणि हीच पद्धत घराघरांत नेली. तेव्हापासून या धंद्यात एकाच दुकानात दोन गल्ले झाले, एक डब्याचा आणि एक कॅसेटींचा. डबा एकदाच विकला जातो, कॅसेट वाढदिवसाला, दिवाळीला, परीक्षेत पास झाल्यावर पुन्हा पुन्हा विकली जाते. पहिल्या गल्ल्यात थोडं कमी पडलं तरी दुसरा ते भरून काढेल, ही किंमत उतरवण्यामागची सगळी अक्कल. तिला अट एकच, दुसरा गल्ला आपल्याच ताब्यात हवा.

अटारीच्या ताब्यात तो फार दिवस राहिला नाही. १९७९मध्ये अटारीतलेच काही प्रोग्रॅमर नोकरी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी अॅक्टिव्हिजन नावाची कंपनी काढली. अटारीच्याच यंत्रावर चालतील अशा कॅसेटी ते स्वतः करून विकू लागले. अटारी कोर्टात गेली, १९८२मध्ये तडजोड झाली, पण तोवर रस्ता सगळ्यांना कळला होता. ज्याला त्याला कॅसेटी काढायच्या होत्या. बाजारात इतका माल झाला की दुकानदार टोपलीत टाकून विकू लागले. यंत्र स्वस्त करून गिऱ्हाईक वाढवायचं अटारीनं, आणि त्या गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे काढायचे भलत्याच कोणी.

याच सुमाराला घरगुती कॉम्प्युटरवाल्यांची किमतीवरून जुंपली. कमोडोर ६४ हे यंत्र १९८२मध्ये ५९५ डॉलरला आलं आणि वर्षभरात दोनशेच्या आसपास उतरलं. कमोडोरचे जॅक ट्रॅमिएल हे निर्दयपणे भाव पाडत, कारण त्यांच्याकडे एमओएस टेक्नॉलॉजी हा चिपचा कारखाना स्वतःचा होता. १९७६लाच त्यांनी तो विकत घेऊन ठेवला होता. समोर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स होती. तिनं आपलं यंत्र ५२५ डॉलरवरून उतरवत उतरवत ९९वर आणलं, आणि ऑक्टोबर १९८३मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. दोघांनीही किंमत कापली. एकाचा खर्च आधी उतरला होता, दुसऱ्याचा उतरलाच नव्हता. माझ्या मते या सगळ्या इतिहासात शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच, आणि पुढच्या चाळीस वर्षांत ती कंपन्या पुन्हा पुन्हा विसरल्या.

अमेरिकेत गेमयंत्रांचा बाजार कोसळत असतानाच, १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडोचं फॅमिकॉम आलं. किंमत १४,८०० येन. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा हट्ट होता की समोरच्याला वर्षभर तरी गाठता येणार नाही इतकं ते स्वस्त असावं. त्यासाठी त्यांनी रिको कंपनीला दोन वर्षांत तीस लाख चिप उचलण्याची हमी दिली. इतका मोठा आकडा त्या धंद्यात कोणी ऐकला नव्हता. खर्च उतरण्याची वाट न पाहता त्यांनी आगाऊ शब्द देऊन तो उतरवून घेतला. दुसऱ्या गल्ल्याला त्यांनी कुलूपही घातलं. बाहेरच्या कंपनीला फॅमिकॉमसाठी गेम काढायचा तर परवाना घ्या, पैसे मोजा. अमेरिकेत पाठवलेल्या यंत्रात तर एक पहारेकरी चिपच बसवली, परवाना नसलेली कॅसेट ती ओळखून यंत्र चालूच देत नसे.

गंमत अशी की ही पहारेकरी चिप जपानी फॅमिकॉममध्ये नव्हती. बर्डीवर जो डबा आला तो याच बिनकुलुपाच्या फॅमिकॉमची पिल्लावळ होता.

त्या डब्याचं पोट ज्यानं उघडून पाहिलंय त्याला बाकीची गोष्ट वेगळी सांगायला नको. चार स्क्रू काढले की वरचं झाकण निघतं आणि आत जवळजवळ काही नसतं. एवढा मोठा डबा, पण त्यात हाताच्या तळव्याएवढी एक हिरवी पाटी, तिच्या मधोमध डांबराचा थेंब पडून वाळावा तसा काळा ठिपका, बाजूला थोडे कपॅसिटर आणि वायरींचा गुंता. मूळ फॅमिकॉममध्ये हिशोब करणारी चिप वेगळी, चित्र काढणारी वेगळी, आठवण ठेवणाऱ्या आणखी वेगळ्या. तैवानच्या यूएमसीसारख्या कारखान्यांनी हे सगळं एका चिपमध्ये कोंबलं, आणि ती चिप पाटीवर तशीच चिकटवून वर काळं इपॉक्सी ओतलं. कॅसेटही तशीच, आत करंगळीएवढी पट्टी आणि भोवती हवा. डबा मोठा ठेवायचा तो गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत म्हणून. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला की तो हलवून बघायचा आणि म्हणायचा, “याच्यात दुरुस्त करासारखं काही नाही भाऊ, नवाच घ्या.” खरं होतं ते. काळा ठिपका गेला की सगळंच गेलं.

या नकलेला दुसरा गल्ला नव्हताच. डबा बनवणाऱ्याला गेमवर एक पैसा मिळत नव्हता, कारण गेम त्याचे नव्हते. त्यानं डब्यावरच थोडं कमवायचं आणि चिप जितकी स्वस्त होईल तितका भाव सोडायचा. पण एक गोष्ट तो निष्ठेनं पाळत होता, खर्च उतरल्याशिवाय भाव उतरवत नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांना जे कळलं नाही ते या बिननावाच्या कारखान्यांना पोटामुळे कळत होतं.

सेगाकडे पुन्हा येऊ. ज्या मेगा ड्राइव्हची भारतात १८,००० किंमत झाली, तेच यंत्र अमेरिकेत जेनेसिस नावानं १९८९पासून १८९ डॉलरला होतं. १९९१मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कलिन्स्की यांनी टोकियोत जाऊन सांगितलं की किंमत दीडशेवर आणा, आणि डब्याबरोबर सॉनिक हा आपला सगळ्यात चांगला गेम फुकट द्या. जपानी संचालकांना हा वेडेपणा वाटला. डब्यावरचा नफाही सोडायचा आणि सगळ्यात जास्त खपणारी कॅसेटही वाटून टाकायची? अध्यक्ष हायाओ नाकायामांनी मात्र मान हलवली, आणि त्या नाताळात सेगानं अमेरिकेत निन्टेंडोला घाम फोडला. भाव उतरवून खरोखर फायदा झाल्याचं हे ठळक उदाहरण. पण त्यात भावाइतकाच सॉनिकचा वाटा होता. लोक स्वस्त झालेलं यंत्र घेत नाहीत, घ्यायचंच असलेलं यंत्र स्वस्त झालं की घेतात.

भारतात यातलं काही शक्य नव्हतं. इथे करातून वाट काढूनही किंमत १८,०००च्या खाली येत नव्हती. ब्राझीलमध्ये टेकटॉय या कंपनीनं सेगाची यंत्रं मनौसच्या कारखान्यात जुळवली, पोर्तुगीजमध्ये गेम केले, आणि जगानं सोडून दिलेली यंत्रं तिथं वर्षानुवर्षं विकली. आपल्याकडे शॉ वॉलेसला ते काही जमलं नाही. दारू आणि गेम यांचं गिऱ्हाईक एकाच घरात असलं तरी खरेदी वेगळ्या खिशातून होते.

आता प्लेस्टेशन २. हा मागोवा याच यंत्रापाशी सगळ्यात जास्त रेंगाळायला हवा, कारण भाव उतरवणं म्हणजे काय ते सोनीनं इथं जसं दाखवलं तसं आधी किंवा नंतर कोणी दाखवलं नाही. ऑक्टोबर २०००मध्ये अमेरिकेत ते २९९ डॉलरला आलं. मे २००२मध्ये १९९. मे २००४मध्ये १४९. २००६मध्ये १२९. एप्रिल २००९मध्ये ९९. प्रत्येक पायरीच्या खाली एक कारखान्यातली पायरी होती. सुरुवातीला यंत्रात दोन मोठ्या चिप होत्या, इमोशन इंजिन हिशोबाला आणि ग्राफिक्स सिंथेसायझर चित्रांना. सोनीनं चिपच्या कारखान्यांत प्रचंड पैसा घातला, दोन्ही चिप वर्षागणिक लहान करत नेल्या आणि शेवटी एकीत विलीन केल्या. २००४च्या शेवटी आलेलं बारीक प्लेस्टेशन २ जाडजूड वहीएवढं होतं. म्हणजे बर्डीच्या डब्यातल्या काळ्या ठिपक्याचा जो मार्ग, तोच सोनीचा. नक्कल करणारा आणि मूळ बनवणारा दोघं एकाच वाटेनं चालले, एक चोरवाटेनं आणि एक राजरोस.

आणि दुसरा गल्ला? जगभरात दीडशे कोटींहून अधिक गेम या यंत्रासाठी विकले गेले, यंत्रं साडेपंधरा कोटींच्या वर. दर यंत्रामागे साधारण दहा गेम, आणि दर गेममागे सोनीला परवान्याचे काही डॉलर. ९९ डॉलरला डबा देऊनही जो हसत राहतो त्याचं हसू इथून येतं.

नागपुरात हे गणित पोचताना वाटेत दोन-तीन ठिकाणी अडकत होतं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले परवान्यांचे निर्बंध १ एप्रिल २००१ला उठले, पण त्याआधीपासून मुंबईच्या मनीष मार्केट-लॅमिंग्टन रोडवरून बिनबिलाचा माल रेल्वेनं यायचाच. अधिकृत माल आला तर त्यावर सीमाशुल्क, मग २००५पासून व्हॅट, आणि शहराच्या वेशीवर जकात. नागपूर महापालिकेची जकात १ एप्रिल २०१३ला गेली आणि तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही पुढे दोन वर्षांत राज्य सरकारनं बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठवला. जकात होती तोवर वाडी नाक्यावर ट्रक थांबायचेच. छापील किमतीत सगळे कर धरलेले, त्यामुळे जकातीची झळ गिऱ्हाइकाला दिसत नसे, ती दुकानदाराच्या मार्जिनमधून जाई. साहजिकच त्याला बिनबिलाचा माल गोड लागे.

कंपनीनं भाव उतरवला की दुकानात काय होतं, हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. बातमी पेपरात आली की दुसऱ्या दिवशी कोणी तरी काउंटरवर येणार.

“काय भाऊ, उतरला म्हणते ना भाव?”

“उतरला काकाजी, पण माह्याकडे सहा पीस जुन्या भावाचे आहेत. त्याचं काय करू?”

या सहा पिसांचं काय करायचं हा कंपनीपुढचाही प्रश्न असतो. मोठ्या कंपन्या अशा वेळी ‘प्राइस प्रोटेक्शन’ देतात. म्हणजे दुकानात पडून असलेल्या मालावरचा फरक डीलरला क्रेडिट नोटनं भरून देतात. भावकपातीचा हा लपलेला खर्च. कारखान्यातून उद्या निघणाऱ्या यंत्रावर जसा तोटा, तसाच जगभरच्या दुकानांत काल पोचलेल्या यंत्रांवरही. बिनबिलाचा माल घेतलेल्या दुकानदाराला हे संरक्षण नसे. तो जुना भाव पकडून बसे, नाहीतर ‘चिप मारून देतो, दहा सीडी फुकट देतो’ म्हणून माल काढे.

ती चिप हाच खरा पेच. प्लेस्टेशन २मध्ये कॉपी केलेली डिस्क चालू नये अशी सोय सोनीनं केली होती. बाजारात ती सोय निकामी करणारी मॉडचिप मिळायची, आणि एखादा हातचा कारागीर बारीक सोल्डरिंग करून ती अर्ध्या दिवसात बसवून द्यायचा. मग गेमची डिस्क पन्नास-शंभर रुपयांत. अस्सल डिस्क दीड-दोन हजारांची. घरात एक चिपवाला पीएसटू असला की गल्लीतली पोरं शनिवारी-रविवारी तिथंच. यातल्या किती घरांतून सोनीच्या दुसऱ्या गल्ल्यात रुपया पडला असेल? भाव उतरला, यंत्रं खपली, आणि जिथून पैसा यायचा ती डिस्क फुटपाथवर विकली गेली.

सोनीच्या भारतातल्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या. जुन्या गेमच्या अस्सल डिस्क ४९९ रुपयांना आणल्या, चोरीच्या डिस्कच्या जवळ जाईल असा भाव. आणि २००९च्या सुमारास हैदराबादच्या कंपन्यांकडून खास इथल्या मुलांसाठी गेम करून घेतले. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, ‘देसी अड्डा’ आला. ‘देसी अड्डा’त विटीदांडू, कबड्डी, पतंग. नागपूरच्या पोराला संक्रांतीला गच्चीवरून घसा फोडून ‘ओ काट’ ओरडायला मिळत असताना तो टीव्हीवर पतंग का काटेल, हे कोणी विचारलं नसावं. पुढे मुंबईच्या ट्राइन गेम्सनं ‘रा.वन’चा गेम काढला. २०१३मध्ये ‘डॉन २’ आला, तेव्हा प्लेस्टेशन २चं उत्पादनच थांबलं होतं.

शेवटी शेवटी हे यंत्र भारतात पाच हजारांच्या आसपास आलं. मला वाटतं सोनीला त्यात तोटा झाला नसावा, पण जगात इतरत्र झाला तसा फायदाही नाही. एवढ्या जुन्या यंत्राचा खर्च इतका उतरलेला होता की डब्यावरच चार पैसे सुटत होते. म्हणजे भारतात सोनी शेवटी त्या बिननावाच्या डबेवाल्याच्याच हिशोबावर येऊन उभी राहिली. एकच गल्ला, त्यातच भागवा.

दुसरा गल्ला फुटला की काय होतं याची सगळ्यात मोठी किंमत सेगानं मोजली. १९९९मध्ये तिचं ड्रीमकास्ट हे यंत्र अमेरिकेत १९९ डॉलरला आलं. वर्षभरात १४९. पण प्लेस्टेशन २ची हवा अशी होती की लोक त्यासाठी थांबून राहिले. वर ड्रीमकास्टच्या एका सोयीतून अशी फट सापडली की कॉपी केलेली सीडी चिप न बसवताच चालू लागली. ३१ जानेवारी २००१ला सेगानं हे यंत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि उरलेला माल ९९ डॉलरला काढला. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मरणाआधी स्वतःची सुमारे ८५ अब्ज येनची मालमत्ता कंपनीला दिली, म्हणून सेगा निदान गेम बनवायला तरी उरली. ही भावकपात पडत्या भिंतीला लावलेला टेकू होता, आणि गिऱ्हाइकाला असा टेकू दुरून ओळखता येतो. जे यंत्र महिन्या-दोन महिन्यांनी स्वस्त होतं ते घ्यायला कोणी धावत नाही.

एक कपात मात्र हिशोब चुकला असतानाही फळली. निन्टेंडोचं थ्रीडीएस हे हातात धरायचं यंत्र फेब्रुवारी २०११मध्ये जपानमध्ये २५,००० येनला आलं आणि पडून राहिलं. सहा महिने व्हायच्या आत निन्टेंडोनं ते १५,०००वर आणलं, अमेरिकेत २५० डॉलरचं १७० झालं. सुरुवातीला घाई करून जास्त पैसे मोजलेल्यांना मनधरणी म्हणून वीस जुने गेम फुकट दिले. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी आपला पगार निम्मा केला. त्या आर्थिक वर्षात निन्टेंडोला ४३ अब्ज येनहून जास्त निव्वळ तोटा झाला. पुढे थ्रीडीएस साडेसात कोटींच्या वर खपलं. पण त्याच नाताळापर्यंत मारिओचे दोन मोठे गेम आले नसते तर नुसत्या भावानं ते उठलं नसतं. इवातांना हे ठाऊक होतं, म्हणूनच भाव आणि गेम त्यांनी एकाच हंगामात आणले.

मायक्रोसॉफ्टची रीत वेगळी, तिला पैशाची चणचण कधी नव्हती. एक्सबॉक्स २००१मध्ये आल्यापासून ती डब्यावर तोटा सोसत आली. एपिक आणि अॅपल यांच्या २०२१च्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी शपथेवर सांगितलं की यंत्र विकून कंपनीनं कधीच नफा कमावलेला नाही. सप्टेंबर २००६मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आलं तेव्हा त्याची कमी सोयींची आवृत्ती १९,९९० रुपयांना होती, जाहिरातीत अक्षयकुमार आणि युवराजसिंग. त्यानंतर काही महिन्यांनी सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं ते ३९,९९०ला. अमेरिकेत हेच यंत्र स्वस्तातल्या आवृत्तीत ४९९ डॉलरला विकलं जात होतं, आणि आयसप्लाय या संस्थेनं ते उघडून खर्च मांडला तेव्हा आकडा निघाला ८०५ डॉलरचा. दर यंत्रामागे तीनशे डॉलरची खोट. अशा यंत्राचा भाव तीनशेच्या आत आणायला कारखान्याला जवळपास तीन वर्षं लागली. २००९च्या बारीक आवृत्तीला २९९चा भाव लावल्यावर ते तीन आठवड्यांत दहा लाख खपलं.

कधी कधी भाव कंपनी उतरवतच नाही, सरकार उतरवतं. जीएसटी आला तेव्हा गेमयंत्रावर २८ टक्के होता. डिसेंबर २०१८च्या बैठकीत तो १८ झाला आणि १ जानेवारी २०१९पासून लागू झाला. तीस हजारांच्या यंत्रावर हा फरक सव्वादोन हजारांच्या वर जातो, आणि बनवणाऱ्याला त्यासाठी स्वतःच्या खिशातला एक रुपयाही सोडावा लागत नाही. १९९५च्या सेगाला एवढी सवलत मिळाली असती तर, असं मनात येतं.

आता चित्र उलटं झालंय. फेब्रुवारी २०२१मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९०ला आलं. प्लेस्टेशन २ जेव्हा दीड वर्षाचं झालं तेव्हा अमेरिकेत तिसरा हिस्सा स्वस्त झालं होतं. प्लेस्टेशन ५ त्या वयात आलं तेव्हा इथं पाच हजारांनी महाग झालं, २०२२च्या शेवटी ५४,९९०. अमेरिकेतही २०२५मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनी भाव वाढवले. चिप लहान केली की ती स्वस्त होते हा चाळीस वर्षांचा नेम आता चालत नाही. नव्या पिढीची चिप बनवणं दर पायरीला महागच होतं. काळ्या ठिपक्याची वाट इथं येऊन अडली.

आणि दुसरा गल्ला मात्र नागपुरात आज पहिल्यांदा नीट भरू लागलाय. गेम इंटरनेटवरून विकत घ्यायचे, महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरायची, मित्रांशी ऑनलाइन खेळायचं तर खातं अस्सल लागतं. मॉडचिपचा धंदा करणारे आता मोबाइलच्या स्क्रीन बदलून देतात. धरमपेठेतला अकरावीतला मुलगा यूपीआयनं गेमचे पैसे भरतो आणि त्यातला वाटा थेट सोनीकडे जातो. म्हणजे भाव उतरवला तर कंपनीला फायदा होईल असं गिऱ्हाईक बर्डीवर आता कुठे तयार झालं, आणि नेमका तेव्हाच भाव उतरायचा थांबला. कायमची कपात करण्याऐवजी कंपन्या आता चार दिवसांचा सेल लावतात. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ५वर काही दिवस साडेसात हजारांची सूट होती, यंत्र ४७,४९०ला मिळत होतं. मुदत संपल्यावर किंमत पुन्हा ५४,९९० झाली.